तरंगती पवनचक्की लाटांमध्ये उभी कशी राहते?

अबोली_ॲबर्डीन (धागाकर्ती)

पवनऊर्जेच्या जुन्या धाग्यावर हर्णैकर यांनी विचारलं होतं, "खोल समुद्रात पाया न घालताच पवनचक्की उभी करतात म्हणे. पावसाळ्यात आमच्या बोटी बंदरात बांधून ठेवल्या तरी एकमेकींवर आपटतात. मग हा एवढा उंच डोलारा उलटत कसा नाही?" उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढणंच बरं वाटलं.

मी मूळची अलिबागची, गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला आहे. समुद्रात तरंगणाऱ्या बांधकामांच्या नांगरसाखळ्यांवर किती ताण येतो, त्याचे हिशेब करणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

इथून उत्तरेला पीटरहेड नावाचं मासेमारीचं मोठं बंदर आहे. तिथून साधारण २५ किलोमीटर आत 'हायविंड स्कॉटलंड' हा पवनचक्क्यांचा तांडा २०१७ सालापासून वीज देतोय. तरंगत्या पवनचक्क्यांचं जगातलं हे पहिलं शेत. पाच चक्क्या, प्रत्येकी ६ मेगावॉटची. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १५४ मीटर. पाण्यावर उंची सुमारे १७५ मीटर आणि पाण्याखाली आणखी ७८ मीटर. खाली समुद्र शंभरेक मीटर खोल, म्हणजे बूड तळाला टेकलेलं नाही.

पाण्याखालचा भाग म्हणजे पोलादाचा एक लांबच लांब पोकळ खांब. त्याच्या तळाशी जड लोहखनिज भरलेलं आहे. लहानपणी रिकाम्या बाटलीत थोडी वाळू भरून विहिरीत सोडली असेल तर आठवेल, ती आडवी होत नाही. ढकललं की कलते आणि परत उभी राहते. गुरुत्वमध्य पाण्याच्या उचलून धरणाऱ्या जोराच्या मध्यबिंदूपेक्षा खाली आहे, एवढंच त्यामागचं कारण. अशा खांबाला 'स्पार' म्हणतात. एकेका चक्कीचं सगळं मिळून वजन सुमारे १२,००० टन.

म्हणजे "उलटत का नाही" याचं उत्तर बाटलीतल्या वाळूत मिळालं. पण उलटू न देणं हा या कामातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे ती नाचू नये, आणि तिथे लाटेची उंची हा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न लाटेच्या ठेक्याचा.

समुद्रावरच्या लाटा साधारण ५ ते २० सेकंदांच्या ठेक्याने येतात. तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही स्वतःचा एक ठेका असतो. दाबून सोडली तर ती किती सेकंदांत एकदा खालीवर होते, कलवून सोडली तर किती सेकंदांत एक हेलकावा पुरा करते, तो. हे दोन ठेके जुळले की संपलं. दीड मीटरची लाटसुद्धा मग तिला नाचवत सुटते. म्हणून आराखडा काढताना पहिली धडपड असते ती चक्कीचा ठेका लाटांच्या पट्ट्याबाहेर न्यायची. स्पार इतका जड आणि संथ केलेला असतो की त्याला एकदा खालीवर व्हायला २५ ते ३० सेकंद लागतात. तो वर उठायचं मनावर घेईपर्यंत तीन लाटा निघून गेलेल्या असतात.

दुसरं कारण खोलीचं. लाट वरून कितीही खवळलेली दिसली तरी तिचं पाणी खोलवर ढवळत नाही. खोल समुद्रात १० सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते. तिच्या निम्म्या लांबीइतकं, म्हणजे ७८ मीटर खाली गेलं की पाण्याची हालचाल पृष्ठभागाच्या शेकडा ४ इतकीच उरते. स्पारचा बराचसा भाग या शांत पाण्यात असतो. लाट त्याला फक्त गळ्याशी पकडते.

वाऱ्याचं काय, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर प्रश्न विचारा.

---

केतकीवन

वाचनखूण साठवली. भौतिकशास्त्र दहावीनंतर सुटलं, तरी हे कळलं. एक भाबडा प्रश्न: वारा तर पात्यांना मागे ढकलत असणार. मग वादळात चक्की सगळ्यात जास्त कलत असेल ना?

---

अबोली_ॲबर्डीन

केतकीवन, प्रश्न भाबडा मुळीच नाही. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच वाटायचं.

उत्तर आहे, नाही. सरासरी कल सगळ्यात जास्त असतो तो ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात. वादळ सोडाच, आपल्याकडे ज्याला जोराचा वारा म्हणतील तेवढाच.

असं का? या वेगापर्यंत पाती वाऱ्याला पूर्ण छाती देऊन फिरतात, कारण मिळेल तेवढी वीज हवी असते. पात्यांचं वर्तुळ सुमारे १८,६०० चौरस मीटरचं. हिशेब केला तर या वेगाला वाऱ्याचा रेटा शंभरेक टनांच्या घरात जातो, तोही पाण्यापासून सुमारे १०० मीटर उंचीवर. चक्की काही अंशांनी मागे कलून तशीच राहते. वारा त्याहून वाढला की जनित्राला जास्त वीज झेपत नाही. मग पाती आपल्या अक्षाभोवती थोडी वळतात आणि जादा वारा अंगावरून जाऊ देतात. वीज तेवढीच राहते, रेटा मात्र कमी होत जातो. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पाती पूर्ण कड देऊन उभी राहतात आणि चक्की थांबते. सुरीचं पातं वाऱ्याला आडवं न धरता धारेकडून धरावं, तसं.

म्हणून वादळात वाऱ्याचा रेटा कमी आणि लाटेचा मार जास्त. साध्या जोरवाऱ्यात नेमकं उलटं. आमच्या गणितात या दोन्ही अवस्था वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि कुठल्या भागाला कुठली अवस्था घातक ठरेल हे आधी सांगता येत नाही. मनोऱ्याच्या बुडाशी एक घातक असते, साखळीला दुसरी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फिरती पाती हेलकावे शमवतात. चक्की पुढे झुकली की पात्यांवर वारा जास्त लागतो आणि तिला मागे रेटतो. मागे गेली की कमी लागतो. म्हणजे वारा स्वतःच ब्रेकचं काम करतो. वादळात पाती थांबली की हा ब्रेकही गेला, आणि नेमक्या त्याच वेळी लाटा सगळ्यात मोठ्या असतात.

---

ठोसेघर

ताई, मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम १४ वर्षं केलं. आमच्याकडे पाती वळवायची यंत्रणा वाऱ्याच्या झोताला क्षणात उत्तर देते. ती जितकी चपळ तितकी चांगली, असं आम्हाला शिकवलं. पण तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. ताशी ४० च्या पुढे यंत्रणा पाती वळवायला लागली, की ब्रेक राहील कसा? चक्की पुढे झुकली, वारा जास्त लागला, यंत्रणेला वाटलं झोत आला, तिने पाती वळवली. मग रेटा वाढायच्या जागी कमीच होणार की!

---

अबोली_ॲबर्डीन

ठोसेघर, दंडवत. हा प्रश्न विचारायला या क्षेत्राला काही वर्षं लागली होती.

अगदी तसंच होतं. पुढे झुकताना रेटा कमी होतो, म्हणून ती आणखी पुढे जाते. मागे येताना पात्यांना वारा कमी लागतो, यंत्रणेला वाटतं वारा पडला, ती पाती परत वाऱ्यात आणते, रेटा वाढतो आणि चक्की आणखी मागे ढकलली जाते. घरच्या झोपाळ्यावर बसून नेमक्या क्षणी पायाने रेटा दिला की झोका वाढत जातो ना, तसा हा रेटा यंत्रणा स्वतःच देते. तोही वारा अगदी एकसारखा असताना, एकही मोठी लाट नसताना. आमच्या भाषेत याला 'ऋण अवमंदन' म्हणतात. ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर.

जमिनीवर हा त्रास होत नाही, कारण मनोऱ्याचा ठेका दोनतीन सेकंदांचा असतो आणि पाती वळवणारी यंत्रणा त्या मानाने संथ. तरंगत्या चक्कीचा ठेका ३० सेकंदांचा. तिच्यापुढे तीच यंत्रणा फार चपळ ठरते. चपळपणाच दोष होतो.

उपाय दोन. एक, यंत्रणा मुद्दाम मंद करायची, चक्कीच्या हेलकाव्याहून मंद. मग ती हेलकाव्याला झोत समजत नाही. याची किंमत अशी की खरा झोत आला तर पात्यांचा वेग थोडा भरकटतो आणि विजेत चढउतार होतात. दुसरा उपाय, माथ्यावर हालचाल मोजणारा संवेदक बसवायचा आणि यंत्रणेला सांगायचं की हा वारा नाही, तूच झुकते आहेस.

हे कागदावरचं नाही. नॉर्वेच्या कार्मोय बेटाजवळ २००९ साली २.३ मेगावॉटची पहिली मोठी तरंगती चक्की उभी केली, हायविंड डेमो. त्याआधी २००५ साली ट्रॉनहाइमच्या लाटाकुंडात छोट्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या होत्या. पात्यांच्या नियंत्रणाचं हे त्रांगडं त्या प्रकल्पाच्या केंद्रस्थानी होतं. त्या चक्कीने पुढे १९ मीटरची लाटही पाहिली. स्कॉटलंडच्या पाचही चक्क्यांत हालचाल शमवणारं हे नियंत्रण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कॅरोलाइन वादळ आलं, तेव्हा तिथे ताशी १६० किलोमीटरहून जोराचे झोत आणि ८.२ मीटरच्या वर लाटा नोंदल्या गेल्या. चक्क्या वादळाच्या ऐन भरात थांबल्या आणि जोर ओसरल्यावर आपोआप सुरू झाल्या.

तुम्ही पठारावर जे केलंत त्याची इथे खरी गरज आहे. इथले बरेच नवे अभियंते गणितात हुशार आहेत, पण हेलकावणाऱ्या माथ्यावर बोल्ट आवळताना हाताला काय जाणवतं हे त्यांना ठाऊक नाही.

---

ठोसेघर

धन्यवाद ताई. १४ वर्षं ज्या यंत्रणेला तेलपाणी केलं, तिची दुसरी बाजू आज कळली.

---

निवृत्त_दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली, शेवटची १२ कॅप्टन म्हणून. धागा वाचून राहवलं नाही.

जहाजावर आम्ही 'स्टिफ' आणि 'टेंडर' असे दोन प्रकार म्हणतो. खाली जड माल भरला की जहाज स्टिफ होतं, झटके देत पटकन सरळ होतं. माणसं फेकली जातात, लॅशिंग म्हणजे माल बांधलेले दोर तुटतात. वर माल जास्त झाला की टेंडर, म्हणजे आळसावल्यासारखं संथ डुलतं. नवशिक्याला स्टिफ जहाज सुरक्षित वाटतं, पण मालाचं आणि माणसांचं नुकसान तेच जास्त करतं. स्पारमध्ये दोन्ही साधलंय असं दिसतं, गुरुत्वमध्य खाली आणि तरी ठेका संथ. हे कसं, ते जरा उलगडा.

दुसरं साखळ्यांबद्दल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि १७ तारखेला बुडाला. २६१ माणसं होती त्यावर. आमच्या ओळखीतलं एक घर त्यात उजाड झालं. म्हणून विचारतो, आणि उत्तर सरळ हवं आहे. चक्कीची साखळी तुटली तर?

---

अबोली_ॲबर्डीन

कॅप्टन काका, तौक्तेची ती रात्र मी इथून फोनला चिकटून काढली होती. माझा मामेभाऊ तेव्हा त्याच भागात दुसऱ्या जहाजावर होता. तो सुखरूप आला. सगळ्यांचे नाही आले. माझ्या कामात साखळीचा हिशेब दुसऱ्यांदा तपासताना ती रात्र आठवल्याशिवाय राहत नाही.

सरळ उत्तर देते. हायविंडच्या प्रत्येक चक्कीला तीन साखळ्या आहेत, तीन दिशांना. टोकाला तळात रुतवलेले पोकळ सिलिंडरसारखे नांगर. आतलं पाणी उपसलं की ते चिखलात खोल ओढले जातात. एक साखळी तुटली तर चक्की उलटत नाही, कारण तिचं उभं राहणं साखळ्यांवर अवलंबून नाही, बुडातल्या वजनावर आहे. ती जागेवरून सरकते, आणि तेव्हा वीज वाहून नेणारी केबल ताणली जाऊन तुटू शकते. उरलेल्या साखळ्यांनी तिला धरावं आणि ती शेजारणीवर जाऊन आदळू नये, हे आधीच तपासायचं असतं. माणसं तिच्यावर कायम राहत नाहीत, हा तराफ्याशी असलेला सगळ्यात मोठा फरक. वादळात कोणी तिकडे जात नाही.

साखळी ताठ नसते, झोळीसारखी लोंबते. चक्की वाऱ्याने सरकली की तळावर पडलेल्या साखळीचा आणखी थोडा भाग उचलला जातो, आणि त्या वजनाने ती परत ओढली जाते. लोखंडाचं वजनच स्प्रिंग होतं. हा स्प्रिंग इतका मऊ असतो की चक्कीला पुढे जाऊन मागे यायला शंभर सेकंदांहून जास्त लागतात. इतका संथ ठेका कुठल्याच लाटेचा नसतो.

पण, काका, हे तुम्हाला पटेल: लाटा एकेकट्या येत नाहीत, कळपाने येतात. पाचसहा मोठ्या, मग जरा उसंत, मग परत मोठ्या. प्रत्येक लाट बांधकामाला तिच्या दिशेने किंचितसं ढकलून जाते, मोठी जास्त, छोटी कमी. म्हणून कळपाच्या येण्याजाण्याचा म्हणून एक संथ ढकल तयार होतो, मिनिटामिनिटाचा. आणि तो साखळ्यांच्या ठेक्याशी जुळू शकतो. एकेका लाटेला चुकवलं, तरी कळपाने गाठलं. वाऱ्याचे संथ चढउतारही याच पट्ट्यात येतात. माझ्या कामाचे निम्मे दिवस या संथ हेलकाव्यामागे जातात, कारण साखळीवरचा मोठ्यात मोठा ताण बहुधा तेव्हा येतो, जेव्हा हेलकावा टोकाला पोचलेला असतो आणि त्याच क्षणी वरून एक मोठी लाट बसते.

साखळी चक्कीला जोडताना आणखी एक गंमत केलेली असते. पतंगाला कणी बांधतो, तशी साखळी चक्कीजवळ दोन फाट्यांत विभागून दोन कडांना बांधतात. नाहीतर हा गोल खांब स्वतःभोवती फिरत राहिला असता.

स्टिफ आणि टेंडरचं उत्तर असं: संथपणा वजनातून आणि लांबीतून येतो. एवढ्या वस्तुमानाची काठी, तीही वर १०० मीटर आणि खाली ७८ मीटर पसरलेली, हलवायलाच वेळ लागतो. कुठल्याही मालवाहू जहाजाला इतकी खोल बुडी परवडणार नाही, बंदरात शिरता यायचं नाही. स्पारलाही शिरता येत नाहीच. म्हणून हायविंडच्या चक्क्या नॉर्वेच्या खोल खाडीत, स्टोर्डजवळ जोडल्या आणि उभ्याच्या उभ्या उत्तर समुद्र ओलांडून ओढत आणल्या. २०२४ साली मोठ्या दुरुस्तीसाठी पाचही परत नॉर्वेला ओढून न्याव्या लागल्या.

---

निवृत्त_दर्यावर्दी

उत्तर सरळ मिळालं, पोरी. आभारी आहे. लाटांच्या कळपाचं अगदी खरं. रात्रीच्या वॉचला आम्ही मोजायचो.

---

सोहम_यंत्र

नमस्कार, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली पोस्ट वाचून काल कॉलेजच्या मागच्या हौदात प्रयोग केला. पीव्हीसीचा पाइप घेतला, खालचं तोंड बंद केलं, आत वाळू भरली. पाण्यात ६० सेंटिमीटर बुडाला आणि उभा राहिला. दाबून सोडला. १० वेळा खालीवर व्हायला १६ सेकंद लागले, म्हणजे एकाला १.६. सूत्राने पाहिलं तर ठेका फक्त बुडालेल्या खोलीवर अवलंबून येतो आणि उत्तर साधारण १.५५ मिळतं. जमलं!

पण तेच सूत्र ७८ मीटरला लावलं तर जेमतेम १८ सेकंद येतात. तुम्ही २५ ते ३० म्हणालात. शिवाय १८ सेकंद तर लाटांच्या पट्ट्यातच आहे. माझं कुठे चुकलं?

---

अबोली_ॲबर्डीन

सोहम, तुझं कुठेच चुकलं नाही. तुझी पोस्ट वाचून आज माझा दिवस सार्थकी लागला.

तुझा पाइप वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा आहे. हायविंडचा खांब तसा नाही. पाण्याखाली तो १४ मीटरहून जास्त रुंद आहे, पण जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथे निमुळता होत साडेनऊच्या आसपास येतो. खांब खाली दाबला की त्याला वर ढकलणारा जोर फक्त त्या गळ्याच्या आकारावर ठरतो, कारण नव्याने बुडतो तो गळाच. वजन मात्र सगळ्या जाड अंगाचं. वस्तुमान तेवढंच आणि स्प्रिंग मऊ, म्हणून ठेका लांबतो. क्षेत्रफळांचं गुणोत्तर साधारण सव्वादोन, त्याचं वर्गमूळ दीड. तुझे १८ गुणिले दीड, २७.

शिवाय लाटही नेमकी पृष्ठभागाशीच जोरात असते, म्हणजे बारीक गळ्यामुळे तिलाही पकडायला कमी मिळतं. एका आकारात दोन कामं. प्रयोग पुढे ने. पाइपाला वर बारीक गळा लावून बघ.

---

हर्णैकर

मूळ प्रश्न माझा, आणि मीच उशिरा आलो. बोटी शाकारायच्या गडबडीत होतो.

ताईंनी सांगितलेलं पटलं. आमच्याकडे जुने तांडेल म्हणायचे, वाऱ्याची लाट दिसते, ती सांभाळता येते. वारा नसताना लांबून येणारी लाट वाईट. समुद्र आरशासारखा, आणि बोट सावकाश उचलून किनाऱ्याजवळ अशी आपटते की कळतच नाही. एप्रिल-मे मध्ये असं होतं. हल्ली हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा मोबाइलवर येतो.

दोन प्रश्न. अशी लांबची लाट तुमच्या चक्कीला लागत नाही का? आणि मासेमारीचं काय? साखळ्यांमध्ये जाळं अडकलं तर नुकसान आमचंच.

---

अबोली_ॲबर्डीन

हर्णैकर दादा, तांडेलांनी जे सांगितलं ते आमच्या पुस्तकात बऱ्याच पानांनंतर येतं.

ती लाट दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघते आणि हजारो किलोमीटर कापून, काही दिवसांनी कोकण-केरळच्या किनाऱ्याला लागते. ठेका १५ ते २० सेकंदांचा. १४ सेकंदांच्या लाटेची लांबीच ३०० मीटरच्या वर जाते, आणि ७८ मीटर खालीही तिची एक पंचमांश हालचाल शिल्लक असते. म्हणजे आधी सांगितलेलं खोल शांत पाणी या लाटेपुढे तितकंसं शांत उरत नाही.

स्पार तरी निभावतो. खरी काळजी दुसऱ्या प्रकाराची, तीन खांबांच्या त्रिकोणी तराफ्याची. पोर्तुगालच्या व्हियाना दो कास्तेलोजवळ ८.४ मेगावॉटच्या तीन चक्क्या २०२० पासून अशा तराफ्यांवर आहेत. ॲबर्डीनजवळच्या किनकार्डिनला ९.५ मेगावॉटच्या पाच. हा तराफा उथळ असतो, बंदरात आणता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा खालीवर व्हायचा ठेका २० सेकंदांच्या आसपास, लांब लाटेच्या अगदी शेजारी. म्हणून खांबांच्या तळाशी रुंद पत्रे लावलेले असतात. ते पाण्याला धरून ठेवतात, हालचाल मंद करतात आणि ऊर्जा भोवऱ्यांत घालवतात. वाऱ्याच्या रेट्याने आलेला कल काढायला एका खांबातलं पाणी पंपाने दुसऱ्यात नेतात. हे संथ काम आहे, लाटेसाठी नाही. नोव्हेंबर २०२३ च्या कियारान वादळात पोर्तुगालच्या चक्क्यांनी २० मीटरच्या लाटा सोसल्या.

आणि ही लांब लाट वाऱ्याच्याच दिशेने येईल असंही नाही. वारा वायव्येचा, लाट नैऋत्येची. पात्यांचा ब्रेक फक्त पुढे-मागे चालतो. बाजूने लाट आली तर त्या हेलकाव्याला वारा शमवत नाही. मनोऱ्याचं लोखंड थकतं ते बरेचदा अशा आडव्या लाटांनी. २५ वर्षांत जवळपास १० कोटी लाटा अंगावरून जातात. एखादं प्रचंड वादळ पेलणं आणि १० कोटी साध्या लाटा पेलणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

मासेमारीबद्दल गोड बोलणार नाही. ओढत नेण्याची जाळी या शेतांत चालत नाहीत. हायविंडमध्ये २०२२ साली स्थानिक मच्छीमारांसोबत पिंजरे, सापळे आणि गळ वापरून चाचणी झाली आणि स्थिर साधनांनी मासेमारी होऊ शकते असं दिसलं. ज्यांचं पोट ट्रॉलिंगवर आहे त्यांना याने काही मिळत नाही. आपल्याकडे कधी अशी शेतं आली तर जागा ठरवण्याआधी तांडेलांना विचारायला हवं, हे माझं ठाम मत आहे. लाटांची आणि मासळीची जी माहिती तुमच्याकडे आहे ती लाटा मोजणाऱ्या कुठल्या तरंगकावरून मिळणार नाही.

---

केतकीवन

मग महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कधी येणार हे?

---

अबोली_ॲबर्डीन

इतक्यात नाही, आणि त्याला भूगोल कारण आहे. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे, तरी तिथे खोली सुमारे ७५ मीटरच. नॉर्वेत किनाऱ्यापासून १० किलोमीटरवर २०० मीटर मिळतात. साधारण ५०-६० मीटरपर्यंत तळात पाया रोवणंच स्वस्त पडतं. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीही गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी. तिथलं पाणी उथळ आहे, म्हणजे पाया रोवलेल्या चक्क्याच.

---

सोहम_यंत्र

गळा लावला! अर्ध्या इंचाने बारीक पाइप रिड्यूसरने वर जोडला, वाळू कमीजास्त करून पाण्याची रेघ बारीक भागावर आणली. बुडालेली खोली तीच, ६० सेंटिमीटर. आता १० वेळा खालीवर व्हायला २२ सेकंद लागतात. आधी १६ लागत होते.

मग मित्राला हौदाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि फळीने लाटा करायला सांगितल्या, मोबाइलवर मेट्रोनोम लावून, दर १.६ सेकंदाला एक. जुना पाइप पाचव्या-सहाव्या लाटेपासून नाचायला लागला, एकदा तर अर्धा बाहेर आला. लाटा बोटभर उंचीच्याच होत्या. नवा पाइप त्याच लाटांमध्ये सोडला. पाणी त्याच्या गळ्यावर वरखाली होत राहिलं, आणि तो जवळजवळ होता तिथेच.

व्हिडिओ उद्या टाकतो.